चॉकलेट खाल्ल्याने कामेच्छा खरंच वाढते का? हा समज आला कुठून आणि विज्ञान काय सांगतं?

फेब्रुवारी उजाडला की मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे 'व्हॅलेंटाइन वीक'चं वेळापत्रक. दुसरी म्हणजे ९ तारखेच्या 'चॉकलेट डे'च्या निमित्ताने फिरणारी रील. डार्क चॉकलेटमध्ये 'लव्ह केमिकल' असतं, दोन तुकडे खाल्ले की मूड येतो, हा 'नॅचरल व्हायग्रा'च आहे, असं कुणीतरी आत्मविश्वासाने सांगत असतं. खाली डोळा मारणाऱ्या इमोजींची रांग लागलेली असते.

गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण याच समजावर एक वेगळा धंदा उभा राहिला आहे. 'पुरुषांसाठी खास', 'जोडप्यांसाठी खास' अशी लेबलं लावलेली चॉकलेटं ऑनलाइन विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अलीकडच्या वर्षांत अशी काही चॉकलेटं तपासली तेव्हा त्यांत सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधं सापडली. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलं औषध. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नव्हता. 'चॉकलेटने फरक पडला' असं ज्यांना वाटलं असेल, त्यांनी प्रत्यक्षात नकळत एक गोळी खाल्ली होती.

मग मुळात चॉकलेटच का? पेढा किंवा बासुंदी का नाही? थोडक्यात उत्तर असं की, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या चॉकलेटने कामेच्छा वाढते हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. तरी हा समज जवळपास ५०० वर्षं टिकून आहे. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. श्रेय चॉकलेटला मिळतं आणि काम करणारं, किंवा निदान तसं मानलं गेलेलं, त्यात मिसळलेलं काहीतरी वेगळंच असतं.

राजाचा सोन्याचा पेला

या समजाचं मूळ शोधायला गेलं की बहुतेक लेख एकाच नावावर येऊन थांबतात : अझ्टेक सम्राट मॉक्टेझुमा. तो बायकांकडे जाण्याआधी दिवसाला ५० पेले चॉकलेट प्यायचा, ही गोष्ट इंटरनेटवर हजारो ठिकाणी सापडेल.

तिचा उगम बर्नाल दियाझ देल कास्तियो या स्पॅनिश सैनिकाच्या आठवणींत आहे. १५१९ मध्ये हर्नान कोर्तेसच्या फौजेसोबत तो आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेल्या अझ्टेक राजधानीत पोहोचला. सम्राटाला जेवणात शुद्ध सोन्याच्या पेल्यांतून काकाओचं पेय दिलं जायचं, असं त्याने लिहिलं आहे. हे पेय स्त्रियांच्या सहवासासाठी घेतात असं लोक म्हणत, हेही त्याने नोंदवलं आहे. यातला 'लोक म्हणत' हा भाग महत्त्वाचा. परक्या देशात, भाषा येत नसताना, दुभाष्यांच्या मदतीने कानावर आलेली ही गोष्ट. ती लिहून काढली घटनेनंतर काही दशकांनी, म्हातारपणी, आणि पुस्तक छापून आलं १६३२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. शिवाय त्याने ५० पेले म्हटलेलंच नाही. फेसाळ पेयाचे ५० हून अधिक मोठे घडे दरबारात आणले गेले, असं ते वर्णन आहे. सरदार, पहारेकरी, नोकरचाकर असा मोठा लवाजमा ते पीत असे. घडे सगळ्या दरबाराचे होते, पुढच्या पिढ्यांनी ते एकट्या राजाच्या पोटात ओतले.

हे पेय आजच्या चॉकलेटसारखं गोडही नव्हतं. भाजलेल्या काकाओच्या बिया दगडी पाट्यावर वाटायच्या, पाण्यात कालवायच्या, त्यात मिरची आणि सुगंधी फुलं घालायची आणि उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून फेस आणायचा, उडप्याच्या हॉटेलात कॉफी वरखाली करतात तसा. काकाओच्या बिया त्या समाजात चलन म्हणूनही वापरत. १५४५ सालच्या एका भावपत्रकात टर्कीच्या एका मादीची किंमत १०० चांगल्या बिया अशी दिली आहे. म्हणजे काकाओ पिणं हे अक्षरशः पैसा पिणं होतं. राजा, सरदार, नावाजलेले योद्धे, बडे व्यापारी यांचं ते पेय. सत्ता, पैसा आणि पौरुष यांचा संबंध लोक स्वतःच जोडतात, त्यासाठी बियांमध्ये रसायन असावं लागत नाही.

मसाला कुणाचा, नाव कुणाचं?

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने फ्रान्सिस्को हर्नांदेझ या वैद्याला १५७० मध्ये मेक्सिकोतल्या वनस्पतींचा अभ्यास करायला पाठवलं. काकाओचं एक पेय कामवासना जागवतं, असं त्यानेही नोंदवलं. पण त्याचं वर्णन साध्या काकाओचं नाही. त्यात व्हॅनिला होती, मिऱ्यांच्या कुळातली एक वनस्पती होती, आणखी एक सुवासिक फूल होतं. त्या काळच्या युरोपीय वैद्यकात पदार्थांची विभागणी उष्ण आणि थंड अशी व्हायची, जशी आपल्याकडे आजही घरोघरी होते. त्या हिशेबात काकाओ थंड होता आणि मसाले उष्ण. म्हणजे ज्या वैद्यकाने हा समज युरोपात नेला, त्याच्याच मते उत्तेजना देणारा घटक काकाओ नव्हता. पुढे मसाले पाककृतीतून गळाले, साखर आली आणि कीर्ती मात्र चॉकलेटच्या नावावर राहिली.

या इतिहासाचा सगळ्यात रंजक भाग ग्वाटेमालात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे धर्मन्यायालयापुढे, म्हणजे इन्क्विझिशनपुढे, काही स्त्रियांवर चेटकाचे आरोप झाले. पुरुषांना वश करण्यासाठी किंवा मारकुट्या नवऱ्याला ताब्यात ठेवण्यासाठी त्यांनी चॉकलेटच्या पेयात काहीबाही मिसळून पाजलं, असं त्यांवर म्हणणं होतं. इतिहासकार मार्था फ्यू यांनी या खटल्यांचा अभ्यास केला आहे. चॉकलेटच का वापरलं जायचं, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. ते रोज घरात बायकाच करत. त्याचा रंग गडद, पोत खरखरीत आणि चव तीव्र, त्यामुळे आत काहीही घातलं तरी पिणाऱ्याला पत्ता लागत नसे.

थॉमस गेज या इंग्रज धर्मोपदेशकाने १६४८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात अशीच एक गोष्ट आहे. मेक्सिकोतल्या चियापा गावातल्या प्रतिष्ठित स्त्रिया प्रार्थना चालू असतानाच दासींकडून गरम चॉकलेट मागवून पीत. बिशपने बंदी घातली. स्त्रियांनी त्या चर्चमध्ये जाणंच सोडलं. पुढे बिशप आजारी पडून वारला आणि गावात कुजबूज झाली की त्याला चॉकलेटमधूनच विष घातलं. गोष्ट खरी की खोटी, हे गेजलाच ठाऊक. पण चॉकलेट, बाई आणि हाताबाहेर गेलेली वासना ही सांगड तेव्हाच्या पुरुषांच्या डोक्यात किती पक्की होती, हे तीतून कळतं.

युरोपात हेन्री स्टब या इंग्रज वैद्याने १६६२ मध्ये चॉकलेटवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि कामजीवनासाठी त्याची शिफारस केली. त्याच सुमाराला रोममध्ये कार्डिनल ब्रांकाचिओ यांनी चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडत नाही, असा निर्वाळा दिला. एकच पेय एकाच वेळी उपवासाचं आणि वासनेचं! साबुदाणा खिचडीलाही एवढा मान मिळालेला नाही.

मग १७७२ मध्ये मार्सेयमधलं मार्की द सादचं प्रकरण घडलं. त्याने वेश्यांना बडीशेपेच्या वासाच्या गोळ्या दिल्या, त्यांत 'स्पॅनिश फ्लाय' मिसळल्याचा आरोप झाला. ही एका किड्यापासून बनणारी भुकटी. ती इच्छा जागवत नाही, मूत्रमार्गाची आग करते आणि जास्त झाली तर जीव घेते. पण बातमी पॅरिसच्या बैठकांत पोहोचेपर्यंत बडीशेपेच्या गोळ्यांची चॉकलेटं झाली होती. आजच्या फॉरवर्डसारखंच हे, तपशील बदलला, कारण नवा तपशील ऐकायला जास्त बरा वाटत होता.

डबा हृदयाच्या आकाराचा का झाला?

१८२८ मध्ये व्हान हाउटेन या डच उद्योजकाच्या यंत्राने काकाओतली चरबी वेगळी काढता येऊ लागली. १८४७ मध्ये ब्रिटनच्या फ्राय कंपनीने खायच्या चॉकलेटची वडी बाजारात आणली. १८६० च्या दशकात रिचर्ड कॅडबरीने चॉकलेटं हृदयाच्या आकाराच्या सजवलेल्या डब्यात घातली. डबा रिकामा झाल्यावर त्यात प्रेमपत्रं ठेवता येत. इथून चॉकलेटमध्ये मसाल्याऐवजी भावना मिसळली जाऊ लागली. जपानमध्ये तर १४ फेब्रुवारीला स्त्रियांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं आणि १४ मार्चच्या 'व्हाइट डे'ला पुरुषांनी परतफेड करायची, ही पूर्ण प्रथाच मिठाई उद्योगाने रुजवली.

भारतात ही गोष्ट फार उशिरा आली. कॅडबरी १९४८ मध्ये इथे आली, पण कित्येक दशकं चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ होता. मराठीत तर 'चॉकलेट' म्हणजे रावळगावपासून लिमलेटपर्यंत कोणतीही गोळी आणि खऱ्या चॉकलेटला 'कॅडबरी', मग ते कोणत्याही कंपनीचं असो. १९९४ मध्ये क्रिकेटच्या मैदानात धावत येऊन नाचणाऱ्या तरुणीची जाहिरात आली आणि चॉकलेट मोठ्यांचंही झालं. त्याच दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, भेटकार्डांची दुकानं आली, व्हॅलेंटाइन डे आला आणि त्याला विरोध करणारे मोर्चेही आले. 'चॉकलेट डे' त्यानंतरची भर. आपल्याकडे कामशक्तीसाठी आयुर्वेदात वाजीकरण नावाची स्वतंत्र शाखा आहे, घरोघरी उडीद, तूप, शतावरी, केशर-दूध यांची ख्याती आहे. या यादीत चॉकलेट कधीच नव्हतं. ते आलं थेट जाहिरातीतून आणि येताना 'विज्ञान' सोबत घेऊन आलं.

'लव्ह केमिकल'चं गणित कुठे चुकतं?

रीलमध्ये सांगितलं जाणारं 'लव्ह केमिकल' म्हणजे फिनाइलएथिलअमाइन, थोडक्यात पीईए. १९८३ मध्ये मायकेल लिबोविट्झ या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने प्रेमात पडण्याच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. प्रेमाच्या धुंदीत मेंदूत पीईएचा हात असावा, अशी त्याची मांडणी होती. चॉकलेटमध्येही पीईए असतं. माध्यमांनी दोन वाक्यं जोडली आणि मथळा तयार झाला.

अडचण अशी की, खाल्लेलं पीईए मेंदूपर्यंत फारसं पोहोचतच नाही. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याला आतड्यात आणि यकृतातच झटपट मोडून टाकतं. आणि काही प्रकारच्या चीजमध्ये, आंबवलेल्या सॉसेजमध्ये पीईए चॉकलेटपेक्षा जास्त असतं. तरी सॉसेज डे कुणी साजरा करत नाही.

दुसरं नाव आनंदामाइड. गांजातला घटक मेंदूत ज्या जागी जाऊन चिकटतो, त्याच जागी चिकटणारं एक रसायन शरीर स्वतःच तयार करतं, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेकुलम यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं. संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आनंदामाइड चॉकलेटमध्येही सापडल्याचं जाहीर झालं आणि पुन्हा मथळे सजले. पण ते इतकं नगण्य असतं की त्याचा परिणाम जाणवायला किलोच्या किलो चॉकलेट संपवावं लागेल. तोवर आनंद बाजूला राहील आणि पोट धरून बसावं लागेल.

थिओब्रोमिन आणि कॅफिन मात्र चॉकलेटमध्ये परिणाम होईल एवढे असतात. ५० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये साधारण अर्ध्या कप कॉफीइतकं कॅफिन असू शकतं. त्याने तरतरी येते, कामेच्छा नाही.

राहिले फ्लॅव्हनॉल. हा दावा जरा गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण कोकोतले फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत करतात. दिवसाला २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलसाठी असा दावा करायला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्यता दिली. रक्तप्रवाह सुधारला तर लैंगिक क्षमताही सुधारेल, अशी उडी इथून मारली जाते. ती अजून सिद्ध झालेली नाही. २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या 'कॉसमॉस' या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटनांचं एकूण प्रमाण लक्षणीयरीत्या घटलं नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आणि तिथे दिल्या होत्या कॅप्सूल, चॉकलेट नव्हे. चाचणीला पैसा पुरवणाऱ्यांत मार्स ही चॉकलेट कंपनी होती, हेही लक्षात ठेवलेलं बरं. बाजारातल्या मिल्क चॉकलेटमध्ये कोको थोडा आणि साखर भरपूर असते. कडवटपणा घालवण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की उरलेसुरले फ्लॅव्हनॉलही बरेच नाहीसे होतात.

माणसांवर तपासून पाहिलं तेव्हा

थेट या प्रश्नावरचं एक संशोधन मिलानमध्ये झालं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तर इटलीतल्या १६३ स्त्रियांना चॉकलेट खाण्याबद्दल आणि लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न विचारले. चॉकलेट खाणाऱ्यांचे गुण जास्त आले. बातम्या इथेच संपल्या. पण संशोधकांनी वयाचा हिशेब घातल्यावर फरक नाहीसा झाला. तरुण स्त्रिया चॉकलेटही जास्त खात होत्या आणि त्यांचं लैंगिक समाधानही जास्त होतं, इतकंच.

त्याहून बोलका प्रयोग विला मिकेनर आणि पॉल रोझिन यांनी १९९४ मध्ये केला. चॉकलेटची तल्लफ येणाऱ्यांना त्यांनी तल्लफेच्या क्षणी कधी मिल्क चॉकलेट दिलं, कधी व्हाइट चॉकलेट, कधी कोको भरलेल्या कॅप्सूल, तर कधी काहीच नसलेल्या कॅप्सूल. कॅप्सूलमध्ये कोकोची सगळी रसायनं होती, तरी तल्लफ भागली नाही. जिच्यात कोकोची भुकटी नसतेच अशा व्हाइट चॉकलेटने ती काही प्रमाणात भागली. सर्वांत जास्त भागवली मिल्क चॉकलेटने. याचा अर्थ जे घडतं ते तोंडात घडतं.

कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली. हातात घट्ट, जिभेवर ठेवताच विरघळणारा असा पदार्थ स्वयंपाकघरात क्वचितच सापडतो. त्यात साखर, सुवास, कुणीतरी आपल्यासाठी आणलं ही भावना आणि 'याने काहीतरी होतं' ही अपेक्षा. लैंगिक औषधांच्या चाचण्यांत नुसती साधी गोळी घेतलेल्यांपैकी काहींनाही फरक जाणवतो, हे वारंवार दिसलं आहे. चॉकलेटच्या बाबतीत एवढंच शिल्लक उरतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही.

पण हे वितळणंही आता महाग झालंय. कोकोचा भाव डिसेंबर २०२४ मध्ये टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता, २०२५ मध्ये तो बराच उतरला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे लहरी पाऊस, झाडांवरचे रोग आणि म्हाताऱ्या बागा यांनी पीक बुडालं. या दोन देशांतल्या कोकोच्या कामात सुमारे १५.६ लाख मुलं राबतात, असा शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा २०२० चा अहवाल आहे. भाव चढल्यावर कंपन्यांनी कोको कमी केला. ब्रिटनमधली 'पेंग्विन' आणि 'क्लब' ही जुनी बिस्किटं २०२५ मध्ये 'चॉकलेट'वरून 'चॉकलेटच्या चवीची' झाली. आपल्याकडे घरगुती चॉकलेटं करणाऱ्यांना 'कंपाऊंड' हा शब्द चांगला माहीत असतो. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ती स्वस्त पडते, उन्हात टिकते, पण जिभेवर तशी वितळत नाही. 'चॉकलेट डे'ला हृदयाच्या आकारात मिळणारं बरंचसं चॉकलेट याच जातीचं असतं.

लेबलवर नसलेली गोळी

एफडीएने १९८९ मध्येच नियम काढून सांगितलं की, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकलं जाणारं कोणतंही कामोत्तेजक सुरक्षित आणि परिणामकारक मानलं जात नाही. भारतात १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालतो, आणि या कायद्यातली 'औषध' शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. तरीही रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेले दावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना अंमलबजावणीबद्दल सांगायला नको. आता ते दावे भिंतीवरून फोनवर आलेत आणि चूर्णाच्या जागी आकर्षक वेष्टनातलं चॉकलेट आलं आहे.

धोका चॉकलेटचा नाही, आत लपवलेल्या औषधाचा आहे. सिल्डेनाफिल कडवट असतं आणि चॉकलेटच्या चवीत ते सहज लपतं, ग्वाटेमालातल्या त्या पेयासारखंच. मात्रा किती आहे, हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे औषध घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टर लिहून देतात तेव्हा आधी हेच विचारतात. चॉकलेट विकणारा विचारत नाही. आणि बेशुद्ध रुग्णाला दवाखान्यात आणणाऱ्या घरच्यांना त्याने काय खाल्लं होतं हेच ठाऊक नसतं, कारण कुणी 'औषध' घेतलेलं नसतं.

अशी चॉकलेटं मागवणाऱ्यांत मधुमेह, रक्तदाब असलेले मध्यमवयीन पुरुष असणं अगदी साहजिक आहे. मधुमेह हे इरेक्टाइल डिसफंक्शनमागचं एक मोठं कारण आहे आणि डॉक्टरकडे जाऊन हे बोलायची लाज वाटते. पण ही तक्रार पुष्कळदा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागल्याची आगाऊ सूचना असते, छातीत दुखू लागण्याच्या काही वर्षं आधी आलेली. म्हणून ती घेऊन कुणी दवाखान्यात गेलं, तर डॉक्टर साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासतात आणि गरज वाटली तर हृदयाची तपासणी करायला सांगतात. ऑनलाइन आलेल्या डब्यासोबत यातलं काहीच येत नाही.